संत्रा-चक्का प्रकल्प: बाबांसाठी प्रोटीनवालं गोड, ओव्हन न लावता

८ फेब्रुवारी, शनिवार

आधी हे सगळं कशासाठी ते लिहून ठेवते. जानेवारीत बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता व्यायाम सुरू आहे आणि आहारवाल्या मॅडमनी सांगितलंय की किलोमागे १.२ ग्रॅम तरी प्रोटीन पोटात गेलं पाहिजे. बाबांचं वजन ६० किलो म्हणजे दिवसाला ७२. एरवीच्या धडधाकट माणसाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबात ०.८३ पुरतं पण यांचे स्नायू भरून यायचेत म्हणून जास्त. मी तीन दिवस त्यांच्या ताटावर नजर ठेवली, वरण एक वाटी, पोळ्या दोन, ताक, थोडी उसळ, सगळं मिळून चाळीसच्या पुढे गाडी जात नाही. अंडं खात नाहीत. पावडर दुधात घालून दिली तर दोन घोट घेऊन ग्लास टीव्हीमागे ठेवला, दुसऱ्या दिवशी मला सापडला, वास मारत होता.

पण गोड म्हटलं की हा माणूस कधी नाही म्हणत नाही. संत्र्याची बर्फी आणली की डबा दोन दिवसांत रिकामा. तर गोडातूनच घालायचं.

अटी अशा: जिलेटीन चालणार नाही, ते हाडाकातड्याचं असतं हे बाबांना माहिती आहे आणि मला त्यांना फसवायचं नाहीये. ओव्हन बिघडलाय आणि मार्च आला की तसाही नागपुरात ओव्हन कोण लावतंय. साखर बेताची, कारण शुगर बॉर्डरवर आहे. मऊ पाहिजे, कवळी आहे. आणि संत्रं पाहिजे. मृगाचा माल, म्हणजे पावसाळ्यात बहरलेली संत्री, नुकताच बाजारात आलाय, गोकुळपेठेत आज गाडे भरलेले होते, आणि संत्र्याच्या गावात राहून लिंबाचं चीजकेक करायचं म्हणजे जरा अतीच.

ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच लिहून ठेवायचं ही सवय आहे. बघू इथं किती टिकते.

पाडवा ३० मार्चला आहे. तोपर्यंत जमलं पाहिजे.

९ फेब्रुवारी, रविवार. ट्रायल १

बिनओव्हनच्या प्रोटीन चीजकेकच्या व्हिडिओत दाखवतात तसंच केलं. घट्ट दही ४०० ग्रॅम, व्हॅनिला प्रोटीन पावडर दोन स्कूप (डब्यावर लिहिलंय एका स्कूपात २४ ग्रॅम), पाच संत्र्यांचा रस मिक्सरमधून काढून गाळून, साधारण ३०० मिली, वरून किसलेली साल, आणि अगर-अगर पावडर म्हणजे आपलं चायना ग्रास. खाली मारी बिस्किटांचा चुरा आणि लोणी.

पावडर कोरडी असतानाच दह्यात टाकली, ती चूक. गुठळ्या झाल्या, त्या फोडायला बीटर लावला तर एवढा फेस झाला की भांड्यातून वर आला, आणि फेस बसला तेव्हा खाली पिठूळ असं काहीतरी होतं. फ्रीजमध्ये चार तासांत सेट झालं तसं, पण जिभेवर खडूसारखं लागतं. बाबांनी एक चमचा खाल्ला आणि म्हणाले, औषध आहे का हे?

आईने तर चाखलंच नाही. "तुझं चालू दे," एवढंच.

१० फेब्रुवारी

सकाळी डब्यासोबत उरलेला तुकडा खाल्ला. कडू. काल संध्याकाळी कडू नव्हता, पिठूळ होता पण कडू नव्हता, हे नक्की. पावडरमधलं कृत्रिम गोड असेल का? ते काही काही जणांना मागून कडवट लागतं. पुढच्या वेळी पावडर बाद.

१५ फेब्रुवारी, शनिवार. ट्रायल २

पावडर बाद केल्यावर प्रोटीन आणायचं कुठून, तर उत्तर घरातच होतं आणि मी महिनाभर इंटरनेटवर महागडं ग्रीक योगर्ट बघत बसले होते. चक्का! दर पाडव्याला आई टांगते तो.

शुक्रवारी रात्री दोन लिटर गाईचं दूध विरजलं. दूध नुसतं ऊतू येईपर्यंत न तापवता मंद गॅसवर दहा मिनिटं उकळू दिलं. त्याचं कारण वाचलं ते पटलं: दुधातलं साधारण ८० टक्के प्रोटीन केसीन असतं, उरलेलं २० टक्के पाण्यात राहणारं असतं आणि चक्का टांगला की ते निथळून जातं. दूध नीट उकळलं की त्यातलं बरंचसं केसीनला चिकटतं आणि दह्यातच राहतं. दही पण जास्त घट्ट लागतं. आई हे आयुष्यभर करत आलीय, तिला कारण सांगितलं तर म्हणाली बरं मग.

शनिवारी सकाळी मलमलच्या फडक्यात बांधून सिंकवरच्या नळाला टांगलं. आठ तासांनी ७१० ग्रॅम भरला, अजून ओलसर होता. पुरणयंत्रातून काढला. हे फार महत्त्वाचं आहे, बीटरने चक्का कधीच एवढा एकजीव होत नाही, बीटर गुठळ्या बारीक करतो आणि पुरणयंत्र त्या संपवतं.

मग घोळ झाला. अगर पाण्यात उकळलं, छान विरघळलं, आणि फ्रीजमधून काढलेल्या थंडगार चक्क्यात ओतलं. ओततानाच शेवया झाल्या! अगर ३५ ते ४० डिग्रीच्या आसपास धरतं, आणि चक्का होता फ्रीजमधला, मग ते काय थांबणार आहे होय. अख्ख्या भांड्यात पारदर्शक दोरे. चाळणीतून काढले तर अर्धं अगर चाळणीतच राहिलं आणि जे सेट झालं ते सेट झालंच नाही, मठ्ठ्यासारखं सैल. वाट्यांत घालून खाल्लं. चवीला मात्र, खरं सांगते, झकास होतं. संत्र्याची साल किसून घातली होती तिचा वास पूर्ण घरभर.

बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या. म्हणजे दिशा बरोबर आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

उरलेली वाटी कडू! पावडर नाही, कृत्रिम गोड नाही, तरी कडू. काल रात्री नऊला गोड आणि आज सकाळी आठला घशात मागे असा कडवटपणा की चहा प्यावा लागला. संशय सालीवर. किसताना पांढरा भाग आला असेल. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते ना, फळापासून सुटलेली, किसणीवर धरली की आत दबते आणि एकदम खोल किसली जाते. लिंबाला हा त्रास नाही, संत्र्याला आहे.

पुढच्या वेळी साल बाद.

२२ फेब्रुवारी, शनिवार. ट्रायल ३

साल नाही. पण साल नाही तर वास पण नाही हे लक्षात आलं, कारण संत्र्याचा खरा सुगंध रसात कमी आणि सालीतल्या तेलात जास्त असतो. मग मी हुशारी केली. रस आटवून दाट केला की चव वाढेल असा विचार करून ३०० मिली रस मंद गॅसवर ठेवला आणि १०० मिलीवर आणला. रंग सुंदर आला, गडद केशरी.

चमचा तोंडात घातला आणि बेसिनकडे पळाले. कडूजहर. कारल्याच्या वर. इतकं कडू की आईला खोटं वाटलं, तिने चाखला आणि मला एक नजर दिली ती मी इथं लिहित नाही.

सगळा रस वाया. दुपारी गाड्यावर जाऊन परत दोन किलो आणली.

पण एक गोष्ट मिळाली. साल नव्हती. पावडर नव्हती. अगर पण अजून घातलं नव्हतं. म्हणजे कडूपणा रसातच आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

ही नोंद सगळ्यात मोठी होणार आहे.

काल संध्याकाळी चार वाट्या मांडल्या. पहिलीत मिक्सरमधून काढलेला रस, बियांसकट फिरवलेला. दुसरीत बिया काढून मिक्सरमध्ये फिरवलेला. तिसरीत फोडी सोलून, पातळ पापुद्रा काढून, बिया काढून, नुसता गर चाळणीवर चमच्याच्या पाठीने हलके दाबून काढलेला. चौथीत तिसरीतलाच रस पण पाच मिनिटं उकळलेला. सगळ्यांवर झाकण, फ्रीज, कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, बाबा म्हणाले लॅब उघडली का.

काढल्या काढल्या चाखल्या तेव्हा पहिल्या तिन्हीत फारसा फरक नव्हता. आज सकाळी:

पहिली वाटी कडू. दुसरी कडवट, पहिलीइतकी नाही. तिसरी जवळजवळ कालच्यासारखीच, एकदम शेवटी जिभेवर थोडंसं काहीतरी. चौथीत कडू जाणवतं पण कालच्या आटवलेल्या रसापुढे काहीच नाही.

हे सगळं मी फार मोठा शोध लावल्यासारखं आईला सांगत होते. ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतेच ना, काढला की पिऊन टाकायचा असते. हे काय नवीन सांगून राहिली तू?"

दोन आठवडे. तीन ट्रायल. चार किलोच्या वर संत्री. आणि उत्तर भाजी चिरत बसलं होतं.

मग कारण शोधून वाचलं. लिमोनिन म्हणून एक द्रव्य आहे. गंमत अशी की अख्ख्या फळाच्या गरात ते त्या कडू रूपात फारसं नसतंच, त्याचं एक बिनकडू रूप असतं, आणि फळ फोडून रस काढला, पेशी फुटल्या, सगळं रसाच्या आंबटपणात मिसळलं की ते हळूहळू बदलत कडू होतं. म्हणून लगेच पिणाऱ्याला कळत नाही आणि सकाळी पिणारा फसतो. उष्णता दिली की हाच बदल झटपट होतो, म्हणून माझा आटवलेला रस. बियांत आणि फोडीच्या पापुद्र्यात त्याचा साठा जास्त, म्हणून मिक्सर वाईट. सालीवर मी उगाच आळ घेतला होता.

म्हणजे फ्रीजमध्ये रात्रभर सेट करायच्या गोडात मिक्सरमधला संत्र्याचा रस घालणं हेच मुळात चुकीचं. यात चूक पाककृतीची नाही, त्या व्हिडिओवाल्या लोकांकडे बाटलीतला रस असतो, कारखाने कडूपणा काढायची सोय करतात. माझ्याकडे पुरणयंत्र आणि चाळणी.

अमरावती रोडवरून ऑफिसला जाताना लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची पाटी रोज बघते. आजपासून जरा आदराने बघणार.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास म्हणून बिस्किटं नाहीत. तळाला राजगिऱ्याचे दोन लाडू कुस्करले, दाण्याचा कूट घातला, वर साधा चक्का-साखर. ठीक लागलं. पण दाण्याच्या कुटाचा तळ बिस्किटापेक्षा चांगला हे कळलं. बिस्किटात प्रोटीन फारसं नसतं, मैदा आणि साखर, मी एका बाजूने प्रोटीन घालत होते आणि खालून मैदा.

१ मार्च, शनिवार. ट्रायल ४

तळ बदलला. चिवड्यात घालतो ते डाळं १०० ग्रॅम मिक्सरला फिरवून, भाजलेले शेंगदाणे ५० ग्रॅम जाडसर, खजूर ८० ग्रॅम, एक चमचा तूप, चिमूट मीठ. हाताने मळून डब्यात थापलं. डाळं आधीच भाजलेलं असतं म्हणून कच्चट लागत नाही, भाजायचं पण काम नाही. बेसनाच्या लाडवाचा थोडा भास होतो, आईला आवडलं, तिने थापता थापता दोन गोळे खाल्ले.

साल परत आणली. पद्धत अशी: संत्रं सोलायच्या आधी, अख्खं असताना, फ्रीजमध्ये एक तास ठेवायचं म्हणजे साल जरा ताठ होते, मग बारीक किसणीवर फक्त स्पर्श. एका जागी एकदाच. केशरी दिसलं की हात फिरवायचा. ती कीस लगेच पिठीसाखरेत घालून बोटांनी चोळायची, साखर ओलसर केशरी होते आणि तेल तिच्यात उतरतं. तीन संत्र्यांची साल पुरे. हा प्रकार करताना हाताला जो वास येतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही आणि जाऊ नये असं वाटतं.

रस हाताने काढलेला, पाच संत्र्यांचा जेमतेम १८० मिली. मिक्सरमध्ये ३०० निघाला असता. एक तास गेला. बाबा समोर बसून फोडी सोलत होते, पापुद्रा काढायला त्यांची नखं बरी चालतात, आणि प्रत्येक चौथी फोड तोंडात जात होती म्हणून १८०.

अगरच्या बाबतीत एक प्रयोग केला तो फसला. प्रोटीन वाढेल म्हणून पाण्याऐवजी दुधात उकळलं. चक्का आंबट, दूध गरम, मिसळलं की दूध फाटलं, रवाळ झालं. खाताना कणी लागते. पुढच्या वेळी पाणीच.

रस मात्र शेवटी, गॅस बंद झाल्यावर घातला. रसात अगर उकळायचं नाही, आंबटात उकळलं की अगरची पकड ढिली होते आणि रस तापला की तो कडू होतो, दोन्हीकडून मार.

२ मार्च, रविवार

कडू नाही!!!

चौदा तासांनी पण नाही. रवाळ आहे पण कडू नाही. बाबांनी न विचारता दुसरा तुकडा घेतला.

८ मार्च, शनिवार. ट्रायल ५

आता उन्हाने त्रास द्यायला सुरुवात केली. चक्का दिवसा नळाला टांगला तर संध्याकाळपर्यंत आंबूस, नाक जवळ नेलं की कळतं. आणि चक्का आंबट झाला की संत्रं मरतं. संत्र्याची चव नाजूक असते, लिंबासारखी आरडाओरडा करत नाही, आंबट दह्यापुढे ती उरतच नाही, खाणाऱ्याला वाटतं साधं श्रीखंड बिघडलंय. आज तेच झालं. साखर वाढवून सावरायला गेले तर नुसतं गोडमिट्ट.

उपाय: विरजण कमी, दही गोडसर असतानाच लगेच फडक्यात बांधायचं, आणि टांगायचं फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये टांगायचं कसं तर मोठ्या पातेल्यावर चाळणी, चाळणीत फडकं, वर ताटली आणि ताटलीवर लोणच्याची भरलेली बरणी. बारा तास. हळू निथळतं पण आंबत नाही.

निथळलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात थोडं प्रोटीन उतरलेलंच असतं. आईने त्यात ज्वारीचं पीठ मळलं. आंबूस छान लागली भाकरी.

१४ मार्च, धुळवड

मोठी ट्रायल नव्हती, अर्धा डबा केला होता भाचा येणार म्हणून. दुपारी लाइट गेली. दोन तास. बाहेर ऊन असलं की अंगणातली फरशी पायाला चटके देते, स्वयंपाकघरात पंखा बंद, आणि मी रंग धुवून आत आले तर डबा ओट्यावर! कोणीतरी पाणी काढताना बाहेर काढून ठेवला तो तसाच. कोणी ते अजून कबूल झालेलं नाही.

मला वाटलं आता ताकच मिळणार. पण डबा उघडला तर जसाच्या तसा उभा. कडेला थोडं पाणी सुटलं होतं बस्स. जिलेटीन असतं तर पस्तीस डिग्रीतच पातळ झालं असतं, आणि आज स्वयंपाकघरात तेवढं सहज असेल. अगर एकदा धरलं की ते परत वितळायला पाणी उकळायच्या जवळ न्यावं लागतं. बाबांच्या शाकाहारापायी घेतलेलं अगर नागपूरच्या उन्हालाच जास्त लागू पडलं. (भाच्याला मात्र खायला दिलं नाही, दही दोन तास उन्हाळ्यात बाहेर, उगाच कशाला. मी आणि आईने चमचाभर चाखलं.)

भाचा रडला. त्याला श्रीखंडाची वडी दिली.

२२ मार्च, शनिवार. ट्रायल ६, सगळं मोजून

आज मनाशी ठरवून काट्यावर प्रत्येक गोष्ट.

दूध दोन लिटर, त्याचा चक्का फ्रीजमध्ये बारा तासांनी ६२० ग्रॅम. बिनसायीच्या दुधाची पावडर ४० ग्रॅम, ती पिठीसाखरेत आधी कोरडीच मिसळून घ्यायची म्हणजे गुठळी होत नाही. पिठीसाखर १०० ग्रॅम, सालीसकट चोळलेली. रस १८० मिली. अगर पावडर ६ ग्रॅम, १५० मिली पाण्यात, पाच मिनिटं उकळून, सतत ढवळत, कारण तळाला बसतं. चिमूट मीठ. वेलची नाही, आई घालायला निघाली होती, मी हात धरला. वेलची आली की ते श्रीखंड होतं आणि संत्रं पाहुणा होतं.

आता तापमानाचा खेळ. चक्का फ्रीजमधून काढून पुरणयंत्रातून काढला आणि भांडं कोमट पाण्याच्या परातीत ठेवलं, ढवळत राहिले, हाताला गार लागेनासा होईपर्यंत. रस पण बाहेरच होता. मग उकळतं अगर गॅसवरून काढून अर्धा मिनिट थांबून त्यात आधी दोन मोठे डाव चक्का घातला आणि जोरात फेटलं, मग ते सगळं मोठ्या भांड्यात. उलटं नाही. गरमात थोडा कोमट चक्का, मग सगळ्यात ते. रस शेवटी. फेटून झालं की हात थांबवायचा नाही, लगेच डब्यात, कारण एकदा धरायला लागलं आणि तुम्ही ढवळलं तर पकड मोडते आणि परत जुळत नाही.

एकही शेवई नाही. डबा दोनदा ओट्यावर आपटला, बुडबुडे वर आले.

चार तासांनी सुरी गरम पाण्यात बुडवून कापलं. कड सरळ. चमच्याने दाबलं की वाकतं, लगेच मोडत नाही, आणि तोंडात श्रीखंडाइतकं गुळगुळीत नाही पण रवाळ पण नाही, मधलंच काहीतरी. अगर थोडं कमी चाललं असतं, ५ करून बघायला हवं, पण आता पाडव्याआधी हात लावत नाही.

२३ मार्च, रविवार. प्रोटीनचा हिशोब

कालचंच. दुधाच्या पिशवीवर १०० मिलीत ३.१ ग्रॅम लिहिलंय, दोन लिटरचे ६२, त्यातले सहा पाण्यात गेले असं धरलं, राहिले ५६. दुधाची पावडर १४. डाळं साधारण २१. दाणे १३. एकूण १०४ च्या जवळपास. दहा तुकडे केले म्हणजे एकात दहा ग्रॅम. अंदाजच आहे, माझ्याकडे काही प्रयोगशाळा नाही.

दहा ग्रॅम वाचून जिममधला माणूस हसेल. त्याच्या एका स्कूपात २४. पण तो स्कूप बाबांच्या पोटात जात नव्हता, टीव्हीमागे जात होता. अंड्यात सहाच्या आसपास असतं, तर हे दीड अंड्याच्या वर. वाटीभर श्रीखंडात चक्क्याइतकीच साखर असते त्यामुळे तिथं याच्या अर्ध्यावर येतं. दुपारी एक तुकडा आणि रात्री एक म्हटलं की बाबा ४० वरून ६० वर. उरलेल्या बारासाठी उसळ वाढवतेय, तिथं वेगळी लढाई आहे. साखर मात्र तुकड्याला दहा ग्रॅम, वर खजूर, म्हणून दोनच्या वर देत नाही. मॅडमना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत तर चालेल.

सहा आठवड्यांत बाबा काठीवरून बिनकाठीवर आले, त्याचं श्रेय व्यायामवाल्या मुलाला आहे, माझ्या डब्याला नाही. तो रोज येऊन त्यांना घामाघूम करतो.

२९ मार्च, शनिवार

संत्री संपत आली! गोकुळपेठेत दोनच गाडे, आणि फळ बघून घ्यावं लागलं, मोठं सुरकुतलेलं, हातात हलकं लागतं ते आतून कोरडं. मृगाचा माल म्हणजे फेब्रुवारी-मार्चचा खेळ, एप्रिलमध्ये शोधत बसायचं. गाडेवाला म्हणाला ताई आता आंबा घ्या. चौदा फोडून बघितली, आठ बरी निघाली. आठ संत्र्यांचा रस १७० मिली, पाचांत व्हायचं ते काम.

दुसरीकडे आईने मोठ्या पातेल्यात आपला वेगळा चक्का लावलाय. मी म्हटलं आई, आपण यावर्षी हे करतोय ना. म्हणाली, "ते तुमचं गुडघ्याचं आहे. पाडव्याला श्रीखंड लागते."

फ्रीजमध्ये दोन पातेली, दोन चाळण्या, दोन बरण्या. दूध ठेवायला जागा नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी सकाळी साडेसातला उभारली, बाबांनी खुर्चीवर न बसता, उभं राहून कलश बसवला. कडुलिंबाची गोळी खाऊन मग सगळे टेबलावर.

माझा डबा मधोमध ठेवला होता, वर संत्र्याच्या पापुद्रा काढलेल्या फोडी, वाटल्यापेक्षा देखणा दिसत होता. कापताना कोपरा जरा ढासळला, रस कोरड्या फळांचा होता म्हणून की अगर ढवळताना उशीर झाला ते कळलं नाही. काकूंना बेसनाचा लाडू खाली दिसतोय असं वाटलं, डाळं सांगितल्यावर त्यांनी परत घेतलं. भाच्याने वरच्या फोडी तेवढ्या उचलून खाल्ल्या. वहिनीने वजन विचारलं, डबा कितीचा, रेसिपी टाक म्हणाली, टाकते.

बाबांनी एक तुकडा पूर्ण खाल्ला, प्लेट पुसून. मग आईकडे बघितलं आणि पुरी पुढे केली, श्रीखंड वाढ म्हणून. दोन डाव घेतलं. मी काही बोलले नाही. सण आहे.

३१ मार्च, सोमवार

एक तुकडा उरला होता, चोवीस तासांचा. सकाळी डब्यात नेला, ऑफिसात साडेअकराला खाल्ला. कडू नाही. कडेला चमचाभर पाणी सुटलं होतं ते प्यायले.

आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याअखेर फुललेलं फळ ऑक्टोबरनंतर येईल तेव्हा अगर ५ ग्रॅमवर करून बघायचं. तोपर्यंत मोसंबीवर एकदा, पण आईच्या देखत, रस काढल्या काढल्या.

काट्याचे सेल संपलेत.